आधी आलेल्यानं थांबायचं

एक सेंटिमीटर म्हणजे ५८ मायक्रोसेकंद. आवाजाला एक सेंटिमीटर पुढं जाऊन, कशावर तरी आपटून परत यायला एवढा वेळ लागतो. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले ५८. समोर एक मीटरवर भिंत असेल तर ५.८ मिलिसेकंद, तीन मीटरवर असेल तर साधारण साडेसतरा. वटवाघूळ रात्रभर हाच हिशेब करत उडतं, तेही ग्रॅमभरही वजन नसलेल्या मेंदूनं.

मला या हिशेबाची गोडी लागली ती धंद्यामुळे. मी साउंडवाला. मैदानावरची गाणी, व्याख्यानं, गणपतीतले कार्यक्रम, नाटकांचे खुले प्रयोग, जे येईल ते. आमच्या कामात मिलिसेकंद ही रोजच्या वापरातली चीज आहे. मैदान मोठं असलं की स्टेजवरचे स्पीकर मागच्या रांगांना पुरत नाहीत, म्हणून मध्ये आणखी स्पीकर उभे करावे लागतात. त्यांना आम्ही डिले टॉवर म्हणतो. वायरीतून सिग्नल टॉवरपर्यंत क्षणात पोचतो, पण स्टेजवरून निघालेला आवाज हवेतून येतो, मीटरमागे सुमारे तीन मिलिसेकंद खात. टॉवर साठ मीटरवर असेल तर स्टेजचा आवाज तिथं पावणेदोनशे मिलिसेकंद उशिरा येणार. तसंच सोडून दिलं तर मागच्या लोकांना तबल्याची प्रत्येक थाप दोनदा ऐकू येते आणि वक्त्याचं एक वाक्य धड कळत नाही.

उपाय एकच. वायरीतून जो आधी आलाय, त्याला थांबवून धरायचं. प्रोसेसरवर १७५ आकडा टाकायचा, टॉवरचा आवाज तेवढा वेळ अडून राहतो आणि मग दोघं एकदम पोचतात. सेटिंग करताना एक जण स्टेजवरून टक् असा आवाज सोडत राहतो, दुसरा टॉवरखाली कान लावून उभा असतो. टक-टक. टक-टक. वॉकीटॉकीवर ‘वाढव’, ‘अजून वाढव’ चाललेलं असतं. दोन टक् एकमेकांच्या जवळ सरकत जातात, थोडे भांडतात, आवाज जरा पोकळ होतो, आणि मग एका आकड्याला एकच टक् उरतो. तो क्षण इतक्या वर्षांनंतरही मला आवडतो. आणि वटवाघळाच्या मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना त्या चिमुकल्या कवटीत जे सापडलं, ते वाचताना मला पहिल्यांदा आठवला तो हाच टॉवर.

पण त्याआधी आपल्या कानांबद्दल. माणसाचा कान प्रतिध्वनी गिळून टाकतो. बंद खोलीत कुणी बोललं तर त्याचा आवाज थेट येतोच, शिवाय भिंतींवरून, छतावरून, टेबलावरूनही येतो. आपण मात्र पहिला आलेला आवाज धरतो आणि मागून तीसएक मिलिसेकंदांच्या आत आलेल्यांना त्याच्याच खात्यात जमा करतो. १९४९ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात हेल्मुट हास यानं यावर प्रबंध लिहिला, आणि साउंडवाले अजून त्याच्या नावावर जगतात. टॉवरला हिशेबापेक्षा दहा-पंधरा मिलिसेकंद जास्तच थांबवलं की आवाज टॉवरमधून येत असला तरी ऐकणाऱ्याला तो स्टेजवरूनच येतोय असं वाटतं. आधी कोण आलं त्याचा मान, मागून आलेल्यांची गणती नाही. आपल्या कानांना जे टाकाऊ वाटतं, नेमकं तेवढंच वटवाघळाला हवं असतं.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगवर एक पांढरा दिवा आहे. पावसाळा सुरू झाला की त्याच्याभोवती किड्यांचं मोहोळ उठतं आणि छोटी वटवाघळं, बहुधा पिपिस्ट्रेल, त्यात शिरून जेवून जातात. मोबाईलला लावायचा एक अल्ट्रासॉनिक माइक मी घेतला, तो घेऊन तिथं उभा राहिलो. कानाला फक्त पंखांची फडफड ऐकू येत होती, तीही मध्येच. रेकॉर्डिंग घरी आणून दहापट सावकाश वाजवलं. जे ४५ किलोहर्ट्झवर, म्हणजे माणसाच्या कानाच्या कितीतरी वर होतं, ते साडेचार किलोहर्ट्झवर उतरलं. सुरुवातीला चिव्... चिव्... चिव्... अशा निवांत हाका. प्रत्येक हाक वरच्या पट्टीतून झपकन खाली घसरणारी. पडद्यावर त्यांच्यातलं अंतर नव्वद मिलिसेकंदांच्या आसपास दिसत होतं, म्हणजे सेकंदाला दहा-अकरा हाका. मग अंतर एकदम आटायला लागलं. पन्नास, तीस, बारा. शेवटी हाकांच्या रेघा इतक्या दाट झाल्या की डोळ्यांना वेगळ्या करता येईनात, आणि कानाला फक्त एक गुरगुर ऐकू आली. त्यानंतर पूर्ण शांतता. किडा तोंडात गेला होता, किंवा सुटला होता. पुन्हा चिव्... चिव्...

या गुरगुरीला अभ्यासक टर्मिनल बझ म्हणतात. डॉबेंटन नावाच्या युरोपीय वटवाघळात २०११ मध्ये असं दिसलं की त्याच्या स्वरयंत्राचे स्नायू सेकंदाला दोनशे वेळा आकुंचन-प्रसरण करू शकतात. एवढ्या वेगवान स्नायूंना अतिवेगवान असं वेगळं नावच आहे. सापाची वाजणारी शेपटी, काही पक्ष्यांचा गळा आणि आवाज काढणाऱ्या काही माशांचे स्नायू हे त्यांचे नातेवाईक. हाका इतक्या दाट करता येतात त्याला आणखी एक कारण आहे: किडा जवळ आला की प्रतिध्वनी लवकर परततो, म्हणून पुढची हाक लवकर देता येते. एका हाकेचा प्रतिध्वनी येण्याआधी दुसरी हाक दिली तर कुठला प्रतिध्वनी कुठल्या हाकेचा याचा घोळ होईल. लांब बघायचं तर सावकाश हाक मारायची, जवळ बघायचं तर भराभर.

आपल्याकडे वटवाघूळ म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते मोठ्या झाडाला उलटं लटकलेलं, कोल्ह्याच्या तोंडाचं. ते यातलं काहीच करत नाही. ते फळं खाणारं, मोठ्या डोळ्यांचं, अंधारात बघून आणि वासावर चालणारं. त्याच्या कुळातल्या एका गटानं मात्र स्वतःची वेगळी युक्ती काढली. महाबळेश्वरच्या रॉबर्स केव्हमध्ये जी फळखाऊ वटवाघळं राहतात, ती रूसेटस, जिभेनं टॉक्-टॉक् असा आवाज करून काळोख्या गुहेतून वाट काढतात. गळ्यातून नाही, जिभेनं. बाकी आपल्या घराच्या वळचणीला, लेण्यांमध्ये, गडावरच्या कोठारांत राहणारी किडेखाऊ मंडळी गळ्यातून हाक देतात. आपण त्यांना शांत प्राणी समजतो. खरं तर आपल्याला ऐकू येत असतं तर अशा लेण्यात कानावर हात ठेवून बाहेर पळावं लागलं असतं.

हे कळायला माणसाला दीडशे वर्षं लागली. १७९३ मध्ये इटलीत पाविया इथं लाझारो स्पालान्झानी या पाद्री-शास्त्रज्ञानं बघितलं की मेणबत्ती विझवली की घुबड भिंतीवर धडकतं, वटवाघूळ धडकत नाही. त्यानं मग काही वटवाघळं आंधळी केली (त्या काळचे प्रयोग वाचताना पोटात कालवतं) आणि सोडून दिली. काही दिवसांनी पावियाच्या घंटाघरात त्यातली काही परत सापडली. त्यांची पोटं बघितली तर इतरांइतकीच किड्यांनी भरलेली. जिनिव्हाच्या लुई ज्युरीननं कान बंद केले, तेव्हा मात्र ती धडपडायला लागली. म्हणजे उत्तर हातात आलं होतं. पण जो आवाज कुणालाच ऐकू येत नाही तो ऐकून हा प्राणी उडतो, हे कुणाला पटणार? जॉर्ज क्यूव्हिएसारख्या बड्या माणसानं सांगितलं की वटवाघूळ स्पर्शानं उडतं, आणि विषय बंद झाला. तो उघडला १९३८ मध्ये. हार्वर्डचा विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन आपली वटवाघळं घेऊन जी. डब्ल्यू. पिअर्स या भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत गेला, कारण पिअर्सकडे उच्च कंपनांचा आवाज पकडणारं यंत्र होतं. वटवाघळं समोर धरल्याबरोबर यंत्र ओरडायला लागलं. ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बोस यांनी मग कान-तोंड आळीपाळीनं बंद करून सगळं सिद्ध केलं. १९४०च्या सुमारास गॅलाम्बोसनं हे एका परिषदेत सांगितलं, तेव्हा एका ज्येष्ठ शास्त्रज्ञानं त्याला खांदे धरून गदागदा हलवलं म्हणे, हे तू खरंच म्हणतोयस का म्हणून. रडार आणि सोनार तेव्हा लष्करी गुपितं होती. पाच-दहा ग्रॅमचा प्राणी तेच करतो हे ऐकून घ्यायला जड जाणारच.

इथपर्यंत झालं कान आणि गळ्याचं. मला ओढ लागली ती पुढच्या प्रश्नाची. हाक गेली, प्रतिध्वनी आला, मध्ये सहा मिलिसेकंद गेले. हे सहा मिलिसेकंद मेंदूत कोण मोजतं?

आपण मोजायचं म्हटलं की घड्याळ लागतं. माझ्या डिजिटल मिक्सरमध्ये ते आहे, सेकंदाला ४८,००० वेळा टिकटिकणारं. दोन टिकांमध्ये २०.८ मायक्रोसेकंद जातात, तेवढ्यात आवाज सात मिलिमीटर चालतो. मेंदूत असं टिकटिकणारं काही नाही. चेतापेशी हा मुळात ढिला मामला आहे. तिचा एक ठोका, म्हणजे विजेची एक लाट, साधारण एक मिलिसेकंद चालतो. वटवाघळाच्या भाषेत तेवढ्यात सतरा सेंटिमीटर झाले. शिवाय पेशी कधी लवकर ठोका देते, कधी उशिरा. आवाज मोठा असेल तर लवकर, बारीक असेल तर उशिरा. आता गंमत बघा: जवळच्या किड्याचा प्रतिध्वनी लवकरही येतो आणि मोठाही असतो. मोठ्या आवाजाला पेशी आधीच घाई करते, म्हणजे जवळचा किडा आहे त्याहून जवळ वाटायला हवा. असा काटा घेऊन कुणी सोनं तोलणार नाही.

एक उत्तर १९९१ मध्ये एलेन कव्ही आणि जॉन कॅसेडे यांना सापडलं. कानातून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर, लॅटरल लेम्निस्कस नावाच्या पट्ट्यात, मोठ्या तपकिरी वटवाघळाच्या मेंदूत दाटीवाटीनं रचलेल्या पेशींचा एक कप्पा आहे. या पेशी आवाज ऐकला की एकच ठोका देतात. दुसरा नाही, तिसरा नाही. आवाज मोठा असो, बारीक असो, ठोका ठरल्या वेळीच. पुन्हा पुन्हा तोच आवाज ऐकवला तर त्यांच्या वेळेत एक-दशांश मिलिसेकंदाचाही फरक पडत नाही. ‘किती मोठा?’, ‘काय म्हणाला?’ असल्या चौकशा दुसऱ्यांनी करायच्या, यांनी फक्त ‘आला’ एवढंच सांगायचं. असा माणूस प्रत्येक कार्यक्रमात एक तरी लागतो, आणि मिळत नाही.

म्हणजे मेंदूकडे दोन नेमके ठोके आले: हाकेचा एक आणि प्रतिध्वनीचा एक. पण हाकेचा ठोका येऊन गेला, विरून गेला, आणि प्रतिध्वनीचा ठोका सहा मिलिसेकंदांनी आला, तर दोघांची भेट कशी व्हायची?

नोबुओ सुगा जपानहून अमेरिकेत गेले, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. त्यांनी आयुष्य घालवलं ते मध्य अमेरिकेतल्या एका वटवाघळावर, ओठांभोवती केसांची झुपकेदार मिशी असलेल्या. १९७८ मध्ये आल्बर्ट फेंग, जेम्स सिमन्स आणि शेली किक यांनी तपकिरी वटवाघळात प्रतिध्वनीचा उशीर ओळखणाऱ्या पेशी दाखवल्या होत्या. पुढच्याच वर्षी सुगा आणि विल्यम ओनील यांनी मिशाळ वटवाघळाच्या मेंदूच्या वरच्या थरात अशा पेशींचा सबंध मोहल्लाच शोधून काढला. त्यांनी कृत्रिम हाक ऐकवली. पेशी जवळजवळ गप्प. नुसता प्रतिध्वनी ऐकवला. तरी गप्प. मग हाक आणि तिच्यामागून ठरावीक उशिरानं प्रतिध्वनी ऐकवला, आणि पेशी ठोक्यांवर ठोके देत सुटली. उशीर थोडा कमी-जास्त केला की पुन्हा गप्प. एका पेशीला चार मिलिसेकंद आवडतात, शेजारणीला पाच, तिच्या शेजारणीला त्याहून जास्त. सगळ्या ओळीनं मांडलेल्या. एका टोकाला ०.४ मिलिसेकंद, दुसऱ्या टोकाला १८. म्हणजे सात सेंटिमीटरपासून तीन मीटरपर्यंत. किडा जवळ येतो तसा मेंदूच्या पृष्ठभागावरचा पेटलेला ठिपका एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. वेळ होती ती जागा झाली.

आणि ही पेशी हे करते कसं? तिला हाक आणि प्रतिध्वनी एकदम हवे असतात. दोघं एकत्र आले तरच ती पेटते. म्हणून आधी आलेल्या हाकेच्या बातमीला वाटेत थांबवून धरलं जातं, कुठं चार मिलिसेकंद, कुठं दहा, कुठं अठरा. प्रतिध्वनीला कुणी अडवत नाही. ज्या वाटेवर हाकेचं थांबणं आणि प्रतिध्वनीचा उशीर बरोबर जुळतात, तिथल्या पेशीपाशी दोघं एकाच वेळी पोचतात. कोणती पेशी पेटली यावरून अंतर कळलं. घड्याळ कुठंच नाही. टॉवरच टॉवर आहेत, प्रत्येकाला वेगळा डिले लावून ठेवलेले, आणि कुठल्या टॉवरखाली एकच टक् ऐकू येतो तेवढं बघायचं.

हे वाचल्यावर मी हिशेब करून पाहिला. थांबवायचं म्हणजे लांब वायर टाकायची, असा सोपा विचार मनात येतो. १९४८ मध्ये लॉइड जेफ्रेस यानं डाव्या-उजव्या कानांतल्या फरकासाठी अशीच लांब-आखूड तंतूंची कल्पना मांडली होती, आणि गव्हाणी घुबडाच्या मेंदूत ती खरी निघाली. पण कानांतला फरक फार तर काहीशे मायक्रोसेकंदांचा असतो. इथं अठरा मिलिसेकंद घालवायचेत. तंतूतून संदेश सेकंदाला दहा मीटर गेला असं धरलं तरी अठरा सेंटिमीटर लांबीचा तंतू लागेल. वटवाघळाचं अख्खं डोकं दोन-अडीच सेंटिमीटरचं. गुंडाळून तरी किती ठेवणार?

मेंदूनं काढलेली वाट वेगळी आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग हाच. हाकेची बातमी मध्यमेंदूत पोचते तेव्हा ती पेशीला आधी गप्प करते. ग्लायसीन नावाचं रसायन सुटतं, पेशी दबून राहते. हा दाब किती वेळ टिकणार ते प्रत्येक पेशीचं ठरलेलं. दाब सुटला की पेशी उसळी घेऊन उठते, आणि नेमकं त्याच वेळी प्रतिध्वनी आला तर दोन्ही जोर एक होतात. थांबवणं म्हणजे इथं रिकामा वेळ घालवणं नाही, गप्प बसवणं हेच मोजमाप आहे. तपकिरी वटवाघळाच्या याच भागात १९९४ मध्ये कॅसेडे, एर्लिश आणि कव्ही यांना ठरावीक लांबीच्याच आवाजाला दाद देणाऱ्या पेशी मिळाल्या. गप्प बसवणारी रसायनं औषधानं बंद केली की त्यांची ती निवड नाहीशी झाली. वेळ मोजायची असेल तर कुणीतरी कुणालातरी गप्प करावं लागतं.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. गुहेत हजारो वटवाघळं, सगळी ओरडतायत. शेजाऱ्याची हाक ही माझी हाक समजून मेंदू अंतर मोजायला लागला तर? मिशाळ वटवाघळाच्या हाकेत चार सूर एकावर एक असतात: साधारण ३०, ६१, ९२ आणि १२२ किलोहर्ट्झ. त्यातला खालचा, ३० वाला, इतका दबका असतो की हवेतून दुसऱ्याच्या कानापर्यंत तो जेमतेम पोचतो. हाक देणाऱ्याला स्वतःला मात्र तो आपल्याच गळ्यातून नीट ऐकू येतो. सुगांच्या पेशी हाकेतला हा खालचा सूर आणि प्रतिध्वनीतला वरचा सूर अशीच जोडी मागतात. शेजाऱ्याच्या हाकेत खालचा सूर जवळपास नाही, म्हणून त्याच्या ओरडण्यानं इथलं मोजमाप सुरूच होत नाही. मांडवात चार वायरलेस माइक एकमेकांत घुसायला लागले की आम्ही जी आरडाओरड करतो, ती आठवून मला या व्यवस्थेचा हेवा वाटतो.

अर्थात हे मोजमाप बिघडवणारेही आहेत. टायगर मॉथ कुळातला एक पतंग, बर्थोल्डिया ट्रायगोना, वटवाघूळ जवळ आलं की स्वतः टिकटिक आवाज सोडतो, सेकंदाला हजारो. २००९ मध्ये ॲरन कॉर्कोरन, जेसी बार्बर आणि विल्यम कॉनर यांनी दाखवलं की त्यानं वटवाघळाचा नेम खरोखर चुकतो. घाबरल्यामुळे नाही, आणि पतंग बेचव असेल या भीतीनंही नाही. त्याआधी डेन्मार्कचे ली मिलर यांना आढळलं होतं की टिकटिक प्रतिध्वनीच्या आधी दीड-एक मिलिसेकंदात पडली तर वटवाघळाचं अंतराचं गणित कोलमडतं, एरवी फारसं बिघडत नाही. एवढीशी फट, आणि पतंगानं तिच्यावर जीव लावलाय.

यापुढे गोष्ट अशा ठिकाणी जाते की माझ्यासारख्या माणसाचा विश्वास डळमळतो. जेम्स सिमन्स यांनी तपकिरी वटवाघळांना इंग्रजी वाय आकाराच्या फळीवर बसवून शिकवलं. समोर काहीच नसतं. वटवाघळाची हाक माइक पकडतो, विजेनं थोडी थांबवतो आणि स्पीकरमधून परत सोडतो, म्हणजे खोटा किडा. एका बाजूचा खोटा किडा स्थिर, दुसऱ्या बाजूचा आळीपाळीनं किंचित पुढे-मागे होणारा. हलणारा ओळखला की बक्षीस म्हणून खरी अळी. १९७९ मध्ये सिमन्स म्हणाले, वटवाघूळ अर्ध्या मायक्रोसेकंदाचं हलणं ओळखतं. अंतरात सांगायचं तर मिलिमीटरचा दहावा भागही नाही. जर्मनीत ट्युबिंगेनच्या अभ्यासकांनाही एका मायक्रोसेकंदाच्या आतलाच आकडा मिळाला. मग १९९० मध्ये सिमन्स यांनी जाहीर केलं, दहा नॅनोसेकंद. एका मायक्रोसेकंदाचा शंभरावा भाग.

त्यावर जे वादळ उठलं ते समजण्यासारखं आहे. एक मिलिसेकंदाच्या ठोक्यांतून दहा नॅनोसेकंद कसे निघतील, असं मेंदूवाले विचारू लागले. यंत्रातच कुठंतरी फरक पडला असेल आणि वटवाघळानं तो पकडला असेल, असं ध्वनीवाले म्हणाले. मी दुसऱ्या गटात. दहा नॅनोसेकंदांत तांब्याच्या वायरीतून सिग्नल दोनएक मीटर जातो. माझ्या जागी कुणी असा दावा केला असता तर मी आधी केबल बघितली असती, मग जोडण्या, मग पुन्हा केबल. अर्धा मायक्रोसेकंद मात्र मी मान्य करतो, आणि तोच एवढा आहे की माझं मिक्सर त्याच्यापुढे ढोबळ वाटावं.

आणि एवढ्या नेमकेपणाच्या प्राण्याला एक साधी गोष्ट जमत नाही. आवाजाचा वेग कायम एकसारखा नसतो. हवा तापली की वाढतो, निवली की घटतो. महाबळेश्वरच्या थंडीत, १० अंशाला, सेकंदाला सुमारे ३३७ मीटर. विदर्भातल्या मे महिन्याच्या रात्री, ३० अंशाला, ३४९. म्हणजे तेवढाच उशीर असला तरी अंतर साडेतीन टक्क्यांनी वेगळं. मग वटवाघूळ हा वेग शिकतं, की घेऊनच जन्माला येतं? तेल अवीव विद्यापीठात एरान अमिखाय आणि योसी योव्हेल यांनी याचा प्रयोग केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कुलच्या पिपिस्ट्रेलची काही पिल्लं साध्या हवेत वाढवली, काही हेलियम मिसळलेल्या हवेत. हेलियममध्ये आवाज जास्त वेगानं जातो, म्हणून प्रतिध्वनी लवकर येतो आणि वस्तू असते त्याहून जवळ वाटायला लागते. जन्मापासून हेलियममध्येच वाढलेल्या पिल्लांनी तरी सवय करून घेतली असेल, अशी कुणाचीही अपेक्षा असेल. नाही. हेलियममध्ये दोन्ही गटांनी नेम जवळ धरला, आणि मोठ्या वटवाघळांनाही तिथं राहून तो सुधारता आला नाही. आवाजाचा वेग त्यांच्यात जन्मतःच बसवून आलेला आहे, पक्का, स्क्रू न फिरणारा.

यावरून त्या दोघांनी जे म्हटलंय ते मला पटतं: वटवाघूळ अंतर काढतच नाही. त्याचं जग वेळेत मांडलेलं आहे. सुगांच्या पेशींच्या रांगेतही सेंटिमीटर कुठं लिहिलेले नव्हते, मिलिसेकंदच होते. आपणच त्याला सतरानं गुणून अंतर म्हणतो. त्याला फक्त एवढं हवं असतं की सहा मिलिसेकंदांवरच्या किड्यासाठी पंख किती मारायचे, आणि ही जोडणी साध्या हवेसाठी करून ठेवलेली आहे. हेलियममध्ये शिकार करायची वेळ त्याच्या कुठल्या पूर्वजावर आली होती?

थंडी-उन्हाळ्याच्या साडेतीन टक्क्यांचं म्हणाल तर ते सुधारायची गरजच पडत नाही, हे कागदावर मांडलं की दिसतं. किडा एक मीटरवर असताना चूक साडेतीन सेंटिमीटरची. वटवाघूळ पुढं सरकतं, पुन्हा हाक देतं, पुन्हा नव्यानं मोजतं. अर्ध्या मीटरवर चूक निम्मी. दहा सेंटिमीटरवर, जेव्हा त्याची गुरगुर सेकंदाला दीडशे-दोनशे हाकांवर गेलेली असते, तेव्हा उरतात साडेतीन मिलिमीटर. आणि पिपिस्ट्रेल प्रत्येक किडा काही थेट दातांनी टिपत नाही. मागच्या पायांमध्ये ताणलेल्या शेपटीच्या पडद्यात तो झेलून घेतं, मान वाकवून तिथून तोंडात टाकतं. साडेतीन मिलिमीटरची चूक त्या पडद्यात सहज मावते.